चन्नप्पांच्या दुकानातली रेंज

"ही अँटेनाची दांडी कुणी उभी केली?" गच्चीवर चढून आलेल्या माणसानं विचारलं.

चन्नप्पांना वाटलं, कौतुकानं विचारतोय. "आमीच," ते म्हणाले. "हैदराबादहून आणली. खाली दुकानात या, रेंज दावतो. आख्ख्या गल्लीत न्हाई तशी हाय."

त्या माणसाच्या सोबत्याच्या हातात सिग्नल शोधायचं, माशाच्या काट्यासारखं एक यंत्र होतं. ते धरून दोघं सकाळपासून गल्ली हिंडले होते आणि शेवटी इथं येऊन थांबले होते. दोघं दूरसंचार खात्याचे. गल्लीत फोन लागत नाही म्हणून लोकांनी अर्ज केला होता, त्यावरून आलेले. अर्जावर पहिली सही चन्नप्पांची होती.

साहेबांनी आवाज न चढवता समजावलं. रेंज वाढवणारं असलं यंत्र, बूस्टर, परवानगीशिवाय लावता येत नाही. त्यात गच्चीवरची दांडी आणि दुकानातली पेटी यांच्यामध्ये नुसता एक स्लॅब. त्यामुळं यंत्र आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ओढून वाढवत होतं आणि टॉवरकडं गोंगाट फेकत होतं. त्या गोंगाटात बाकीच्यांचे फोन बुडून जात होते. दुकानात तेवढ्या फोनवर रेंजच्या कांड्या भरलेल्या दिसायच्या.

"म्हंजी, आमच्यामुळं?"

"तुमच्यामुळंच, काका."

चन्नप्पा पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिले.

दुकान लुगड्या-साड्यांचं, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. खाली उतरलं की फोन मुका व्हायचा. आताच्या बाया घरी फोटो दाखवल्याशिवाय साडी घेत नाहीत, आणि रेंज शोधायला वर गेलेली बाई परत पायरी उतरत नाही. म्हणून दोन वर्षांमागं त्यांच्या मुलानं, राजेश्वरनं, ही पेटी आणली. त्यानंतर गल्लीची रेंज जी बिघडली ती बिघडलीच. या दोन गोष्टींचा मेळ कुणी घातला नाही. सगळ्यांनी टॉवरला शिव्या दिल्या, चन्नप्पांनी सगळ्यांत जास्त. बोलायचं असलं की लोक दुकानात यायचे. चन्नप्पांनी त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली, कधी कुणाला नको म्हटलं नाही. पाणपोईच म्हण, असं ते बायकोला सांगायचे.

समोरच्या घरात सुंदरबाई एकट्या राहायच्या. रोज चारच्या सुमाराला त्या दुकानात यायच्या आणि धारूरला दिलेल्या बहिणीशी, छबुबाईशी, बोलायच्या. जाताना चन्नप्पांना तोंडभर आशीर्वाद द्यायच्या. गेल्या कार्तिकात चन्नप्पा घरच्यांना घेऊन कपिलधारच्या यात्रेला गेले. दुकान दोन दिवस बंद, पेटी मात्र चालू राहिलेली. नेमकी त्यातल्याच एका दिवशी छबुबाई वारली. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय बाईला उचलत नाहीत, आणि माहेरचं माणूस म्हणून सुंदरबाईच तेवढ्या उरलेल्या. छबुबाईचा मुलगा युवराज आता लागेल, मग लागेल म्हणत फोन लावत राहिला. दिवस कलला तेव्हा शेजारणीनं आणलेलं लुगडं नेसवून तिला नेलं. सुंदरबाईंना दुसऱ्या दिवशी धारूरहून आलेल्या जीपवाल्याकडून कळलं.

खात्याच्या माणसांनी पेटी पोत्यात घातली, नोटीस दिली, सही घेतली आणि ते गेले. पाव तासात गल्लीत फोन वाजायला लागले. लोकांना वाटलं, पोत्यातून टॉवरचं काहीतरी नेलं. हनुमान पानवाला हार घेऊनच आला. "आप्पा, तुमच्या सहीला वजन हाय बघा," तो म्हणाला. "आमच्यासारख्याला कोण इचारतंय बे!"

चन्नप्पांनी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात हार गळ्यात पडला, कुणीतरी फोटो काढला, आणि ते गप्प राहिले. त्यांची बायको जगदेवी दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तिनं मान वळवली आणि ती आत गेली.

माणसं पांगल्यावर चन्नप्पांनी हार काढला आणि ते समोरच्या घरात गेले.

सुंदरबाई परातीत ज्वारी निवडत होत्या. "या आप्पा. च्या ठिवू का?"

"नगं, आक्का." ते उंबऱ्याजवळच बसले. "टॉवर खराब नव्हताच. माझी मशीन तुमचे फोन आडवत व्हती."

सुंदरबाईंचा हात चालूच होता. "कवापास्नं?"

"दोन वर्सं झाली."

"छबी गेली तवा?"

"तवाबी. आमी कपिलधारला गेलतो, पर मशीन चालूच व्हती."

आता हात थांबला.

"युवराज म्हणला व्हता," त्या सावकाश म्हणाल्या, "मावशे, अकरा येळा लावला. मी दहाव्याला चार माणसांत त्याला खोटारडा म्हणले. सोताच्या आयला परक्याचं लुगडं नेसवून धाडलंस, म्हणले. तवापास्नं बोलत न्हाई त्यो."

हे चन्नप्पांना माहीत नव्हतं. ते पुढं सरकून पाया पडायला वाकले. सुंदरबाईंनी पाय मागं घेतले.

"माझ्या न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, कोनाड्यातला फोन आणला आणि चन्नप्पांच्या पुढ्यात ठेवला. "तुमीच लावा. तुमीच सांगा. मला आता त्येच्याशी बोलाया तोंड न्हाई."

चन्नप्पांनी नंबर शोधला. इतके दिवस मुक्या पडलेल्या त्या घरातून फोन झटक्यात लागला. पहिल्याच रिंगला पलीकडून उचलला.

"मावशे?" आवाज इतका स्वच्छ की सुंदरबाईंनाही ऐकू गेला. त्यांनी पदर तोंडाशी धरला. "मावशे, बोल की."

"मावशी न्हाई, बाबा," चन्नप्पा म्हणाले. "मी त्यांच्या समोरचा कापडवाला. जरा ऐकून घे माझं."