नकाशातलं कोरं शेत

“गो नमे, यात आपला शेत कुठं हाय?” जगनने चष्मा पुसत लेकीच्या लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

नमिताने बोट टेकवलं. पेणच्या ऑफिसात ती नकाशे करायची. रोह्याच्या कारखान्यात वायू गळला तर कुठवर पसरेल, कुणाला आधी हलवायचं, ते या नकाशावरून ठरणार होतं. लाल घेरात घरांचे ठिपके होते. कारखान्याच्या भिंतीलगतचं त्यांचं शेत मात्र कोरं.

“तिथं कोणी राहत नाही, म्हणून...” बोलता बोलता ती थांबली.

भात निघालं, वाल भरले की सगळी भावकी त्याच शेतात पोपटीला जमायची. आई मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायची, वर शेंगा, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. आणि गुणगुणायची,

‘वालाच्या गं शेंगा, निजल्या पाल्यात,
लेकी आल्या माहेराला, धुराच्या वाटेनं.’

आई गेली, पोपटी राहिली. त्या धुरात डोळे चोळत वाढलेली नमिता तेच विसरली होती. उपग्रहाच्या चित्रात भर दुपार होती आणि शेतात चिटपाखरू नव्हतं.

“बाबा, शनिवारी पोपटीला कोण कोण येतंय?”

“सगलीच. काशीबाई, तिच्या सुना, नातवंडा. का गो?”

“इथं माणसं जमतात अशी खूण करायला हवी. मग जवळ भोंगा बसेल, पळायला वाट ठेवतील.”

“नि जाळ?”

“बंद होईल. भिंतीपलीकडे वायूच्या टाक्या आहेत.”

“मंग नको करू खूण. मी हाय तवर कोरा र्‍हाऊं दे. तुझी आय तिथंच तर भेटते मना.”

नमिता माऊस सोडून त्याच्याकडे वळली. “आणि त्या दिवशीच काही झालं तर? काशीआत्याची नातवंडं असतात, बाबा.”

“पोरा पुढं केलीस व्हय! वकिलीन व्हायची व्हतीस.” जगन हसला, पण चष्मा काढून पुन्हा पुसू लागला. मग म्हणाला, “टाक.”

कोर्‍या शेतात एक ठिपका उमटला.

शनिवारी संध्याकाळी पोपटी घरच्या अंगणात लागली. सुनांची थट्टामस्करी चालली होती, काशीबाई धुराला शिव्या घालत होती. मडकं उघडलं तसा भांबुर्ड्याचा वास अंगणभर झाला.

“दादा, बस की आता,” काशीबाई म्हणाली.

जगनने पहिल्या शेंगा केळीच्या पानावर घेतल्या आणि शेताची वाट धरली. पान हाताला भाजत होतं. तो हात बदलत चालला होता.