जुना दुभाष्या आणि बाबांचा उजवा कान

डॉक्टरबाईंनी सकाळीच तिला सांगून टाकलं होतं, "आज चाचणी नीट झाली तर तुझा प्रोग्राम ठेवू. नाहीतर बाहेरून तयार आणू." म्हणजे सरळ पोटावरच पाय की! कानांच्या त्या दवाखान्यात प्रोग्राम लिहायला तीच होती एकटी. एकाच प्रोग्रामातून तिनं दोन डेटाबेस जोडले होते. एक नवा, आणि एक म्हातारा, ज्याच्यावाचून श्रवणयंत्रं जुळवायचं उपकरण हलतच नसे. प्रत्येकाशी बोलायला वेगळा प्रोव्हायडर, म्हणजे मधला दुभाष्या. नव्यावर सगळं चोख चाललं, म्हणून जुन्यासाठी तिनं नुसता दुभाष्या बदलला आणि हुश्श केलं.

चाचणीला माणूसही घरचाच आणला, वडील. त्यांचा डावा कान बरा, उजवा जवळजवळ गेलेला. घरात सगळे त्यांच्या डावीकडेच बसत. दोन्ही कानांच्या तपासणीचे आकडे उपकरणात गेले, यंत्रं कानांत बसली.

"काय आजोबा, येतंय ऐकू?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"एकदम छान! पोरीनं कमाल केलीय."

बाई खूश झाल्या. त्यांनी टेबलाचा खण ढकलला. खण आपटला तसे बाबा दचकले, हात डाव्या कानाकडे गेला, आणि लगेच ते हसले. आईचं खारट जेवण बाबा याच हसण्यानं संपवायचे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिलाही कळत होतं. पण त्या मुठीत बाबांचे कान होते.

"मॅडम, थांबा. डाव्याचे आकडे उजव्याला गेलेत, उजव्याचे डाव्याला. चूक माझी आहे."

ती कॉम्प्युटरपाशी बसली. डेटाबेसला द्यायच्या आज्ञेत आधी उजवा कान होता, मग डावा. तिनं आकडे पाठवले होते उलटे. नवा दुभाष्या आकड्यावरचं 'डावा', 'उजवा' हे नाव वाचून तो जागच्या जागी ठेवायचा, त्यामुळे तिचा गबाळेपणा खपून गेला. जुना नाव वाचतच नाही. जो आधी आला तो पहिल्या जागी, की झालं! तिनं दोन ओळी खालीवर केल्या आणि यंत्रं पुन्हा जुळवली.

डॉक्टरबाई हाताची घडी घालून बघत होत्या. ती बाबांच्या उजव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खोटं का बोललात?"

बाबांनी मान खाली घातली. "नोकरी गेली असती तुझी, म्हणून."

मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्यांनी उजव्या कानाला हात लावला. "अगं, तू या बाजूनं बोललीस?"

तिला हुंदकाच फुटला.

"आजोबा, आता तुमच्यावर विश्वास ठेवते," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि दार उघडून बाहेर डोकावल्या. "पुढचे कोण? या आत. याच प्रोग्रामवर घेऊ."