आरिफच्या हातचं सिलिंडर

ऐका पावणं, सांगतो. पण मधी उठायचं न्हाई, आणि पोहे थंड झालं तर माझ्या नावानं ओरडायचं न्हाई. गोष्ट आरिफची हाय. खरं म्हंजे त्येच्यापेक्षा जास्त केरबाची हाय.

आरिफनं बोटाला थुंकी लावली आणि इंजिनाच्या डोक्याला टेकवली. चर्र झालं. बोट झटकत तो खाली फरशीवर बसला.

"परत तापलं," म्हणला.

इंजिन म्हंजे मोटारीचं न्हवं. रिमोटच्या गाडीचं. हसू नका. खेळण्यातली म्हणावी तर अडीच फूट लांब, उचलायला दोन हात लागत्यात, पेट्रोलवर पळती, आणि माळावर सोडली की कुत्री शेपूट घालून वाट सोडत्यात. गवत कापायच्या मशीनला असतंय तसलं इंजिन. आरिफनं त्येचं मूळचं सिलिंडर काढून टाकलं आणि उद्यमनगरातल्या आपल्या शेडात नवं, मोठ्या पोटाचं बनवलं. फौंड्रीतनं वोतून आणलं, बोअर मारला, मग होनिंगच्या मशीनवर त्येच्या पोटातनं दगड फिरवून फिरवून माप काढलं. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधी केस उभा चिरून घालावा एवढीच जागा ठेवायची असती. कमी पडली तर पिस्टन घासतोय आणि इंजिन तापतंय. जास्त झाली तर दम जातोय. ह्या कामाला अख्ख्या उद्यमनगरात आरिफचं नाव घेत्यात. माझी वेल्डिंगची शेड त्येच्या भिंतीला भिंत लावून हाय, मधी नुसता पत्रा. कोण कुठनं काय घिऊन येतंय ते मला रोज ऐकू येतंय, आणि पत्र्याच्या फटीतनं दिसतंयबी.

गाडी दोघांत. आरिफ आणि केरबा. केरबाची राजारामपुरीत दुधाची डेअरी. दोघं शाळेत एका बाकावर बसायचे, आणि एकाच वर्षी दोघांनी शाळा सोडली. तर त्या दिवशी केरबा ऑइलच्या डब्यावर बसला व्हता, मान खाली घालून.

"ऑइल कमी पडलं आसंल पेट्रोलात," म्हणला.

"ऑइल बरोबर हाय. मीच मिसळतोय की."

"मग कार्बोरेटरची सुई उघड जरा. पेट्रोल जास्त जाऊ दे."

"उघडली. प्लग काळा पडाय लागला, तरी तापतंयच. हवा कुठनं चोरून शिरती का म्हणून गास्केट बदललं. पेट्रोलची नळी बदलली. सायलेन्सर जाळून साफ केला." आरिफ एक एक सांगत व्हता आणि बोटावर मोजत व्हता. "आता एकच ऱ्हायलंय."

"काय?"

आरिफनं आपल्याच हाताकडं बघितलं. तेवढ्यात त्येची बायको नजीरा चहा घिऊन आली. आमच्या कोल्हापूरच्या बायका कशा, बापयासारखं, 'करतोय-जातोय' बोलायच्या. म्हणली, "मी कवापास्नं सांगतोय ह्यांना केरबाभाऊ, हात दाखवा कुणाला तरी. सकाळी बशीत चहा वतला, निम्मा लुंगीवर."

आरिफनं उजवा हात मांडीखाली घातला.

"रविवारी इचलकरंजीचा माणूस येतोय," म्हणला. "होनिंगचं मशीन बघाय."

"का?" केरबा डब्यावरनं उठलाच.

"का म्हंजे? खेळण्यातलं सिलिंडर घासता येईना, उद्या कुणाच्या ट्रॅक्टरचं बिघडवू? लोक इश्वासानं टाकून जात्यात, केरबा. हात दगा दिऊ लागला की माणसानं आपणहून उठावं."

केरबानं चहा तसाच ठेवला आणि गेला. वाटंत माझ्याकडं बघितलं, मीबी बघितलं. कारण मला म्हाईत व्हतं.

त्येचं काय झालतं, आरिफ बायकोच्या माहेरी लग्नाला गेलता, तवा केरबानं शेडातनं गाडी काढली आणि नेली जोतिबाला. आमच्याकडं नवी गाडी आणली की आधी डोंगरावर न्यायची, देवाला दावायची, मग पळवायची. त्यात वावगं कायच न्हाई. आरिफबी आला असता हौसेनं, दर वर्षी येतोय. पण केरबाला धीर निघाला न्हाई. मी त्येच्याबरोबर व्हतो. दीपमाळेजवळ त्येनं गाडी चालू केली, लोकं गोळा झाली, कुणीतरी चांगभलं म्हणून वरडलं आणि मूठमूठ गुलाल पडला तिच्यावर. गाडी गुलाबी, केरबा गुलाबी. एका पोरीनं मोबाईलवर व्हिडिओ काढता काढता इचारलं, "काका, इंजिन कुणी बनवलं वो?"

केरबा म्हणला, "मीच. घरचं इंजिन हाय."

तोंडातनं गेलं ते गेलं. खाली आल्यावर त्येनं कंप्रेसरच्या हवेनं गाडी वरवर झाडली आणि गुपचूप होती तिथं ठिवली.

आता कळलं? इंजिनाला थंड ठेवाय पंखा असतोय, आणि सिलिंडरला बारीक बारीक पाकळ्या असत्यात, त्यातनं वारं जातंय. तिथं तेलकटावर गुलाल बसला की चिखल होतोय आणि वारं बंद. हे केरबाला कळत न्हवतं असं न्हाई. चांगलं कळत व्हतं. पण गुलालाचं सांगायचं म्हंजे ते 'मीच बनवलं' म्हणलेलंबी सांगाय लागणार. दोन-तीनदा शेडाच्या दारात येऊन परत फिरला. डेअरीत दूध मापताना भांडं भरून खाली वाहालतं, गिऱ्हाईक वरडालतं, ह्येचं ध्यान कुठंच न्हाई.

शनिवारी दुपारी आला. आरिफ त्या मशीनला तेलाचा बोळा मारत व्हता. पोरीला सासरी धाडताना नटवावं तसं.

"आरिफ, तुझा हात न्हाई," केरबा दारातनंच बोलला. "गुलाल हाय."

आरिफचा बोळा थांबला न्हाई.

"मी गाडी डोंगरावर नेलती. तुला न सांगता. गुलाल उडवला लोकांनी. पंख्याच्या मागं सगळा बसला आसंल बघ. उघड ते. सिलिंडरला काय सुदिक झालं न्हाई. मशीन ऱ्हाऊ दे."

"गुलाल पहिल्याच दिवशी काढला मी," आरिफ म्हणला. "ब्रशानं. पेट्रोल वतून धुतला. गटारीत गुलाबी पाणी गेलं."

पत्र्याच्या अलीकडं माझा वेल्डिंगचा हात थांबला.

"मग बोलला का न्हाईस?"

"कशाला बोलू? मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणलं चला, गुलालच हाय. धुतलं, चालू केलं." त्येनं बोळा खाली ठिवला. "तापलं."

केरबा दारातनं आत आला. आरिफ म्हणला, "तो व्हिडिओबी बघितला. मेव्हण्यानं धाडला. घरचं इंजिन म्हणालास."

"आरिफ..."

"तोंड काय खुललंय तुझं त्यात. लग्नातबी येवढं खुललं न्हवतं."

एवढं बोलून आरिफनं फळीवरनं पिस्टन काढला आणि केरबाच्या हातात दिला. पिस्टनला सगळीकडनं उभ्या रेघा पडल्या व्हत्या. "हे बघ. घासलाय. जागा कमी ऱ्हायली. माझं माप चुकलं, केरबा. चाळीस वर्षं... जाऊ दे. तुझा गुलाल काय करतोय बिचारा."

केरबा पिस्टन बोटात फिरवत ऱ्हायला. उजेडात धरला. खाली घेतला. मग घसा खाकरला.

"अजून एक ऱ्हायलं सांगायचं."

"काय?"

"डोंगरावर पेट्रोल संपलं. खाली पंपावरनं आणलं बाटलीत. तसंच वतलं. ऑइल घालाय इसरलो."

खोटं, पावणं. साफ खोटं. शेडातली मिसळलेली बाटली नेलती आम्ही, ती निम्मी परत आली, माझ्याच पिशवीत व्हती. पण बिगर ऑइलचं पेट्रोल गेलं तर पिस्टनला रेघा पडत्यात, हे मात्र खरं.

आरिफ किती तरी वेळ त्येच्या तोंडाकडं बघत बसला. पिस्टनाकडं न्हाई, तोंडाकडं.

"ऑइल घातलं न्हाईस?"

"न्हाई."

"इसरलास?"

"इसरलो की."

"आरं गाढवा!" आरिफ असा वरडला की नजीरा आतनं पळत आली. "दुधात पाणी घालायचं बरं ध्यानात ऱ्हातंय रं तुझ्या! पेट्रोलात तेल तेवढं इसरतोस?"

"पाणी घालत न्हाई मी!"

"गप. अख्ख्या राजारामपुरीला म्हाईत हाय. नजीरा, चहा ठेव. ह्येला बिनदुधाचा."

इचलकरंजीच्या माणसाला त्येनं तिथल्या तिथं फोन लावला, येऊ नका म्हणून सांगितलं. केरबा हसत व्हता. पण निघताना माझ्या दारात आला तवा हसू गेलं व्हतं. "मी अजूनच बिघडवलं न्हवं?" म्हणला. "उद्या त्येचं माप परत चुकलं तर काय सांगून अंगावर घेऊ?" मी काच डोळ्यावर घेतली आणि वेल्डिंग चालू केलं.

दुसऱ्या दिवशी आरिफनं नवं सिलिंडर मशीनवर चढवलं. केरबा बाजूला हुबा, चोरासारखा. दगड फिरवून झाला. आरिफनं मापाची डायल सिलिंडरच्या पोटात घातली आणि तशीच धरून म्हणला, "काटा कुठं हाय वाच."

"तुला दिसंना व्हय?"

"दिसतंय. तू वाच."

केरबा वाकला. काटा एका जागी ठरत न्हवता, नुसता नाचालता. काटा न्हाई, हात नाचत व्हता. केरबानं वर बघितलं. आरिफ दुसरीकडंच बघत व्हता, भिंतीवरच्या कॅलेंडराकडं.

केरबानं आपला हात त्येच्या मनगटाखाली घातला. काटा थांबला.

"किती?" आरिफनं इचारलं.

"अजून एक फेरी मारावी लागंल."

"मग मारू की."

आता डेअरी बंद केली की केरबा रोज तिथं असतोय. तुमचं कसलं इंजिन-बिंजिन असंल तर खुशाल घिऊन जावा, काम एक नंबर हुतंय. फक्त एक करा, पावणं. मशीनवर एकाचा हात आणि त्या हाताखाली दुसऱ्याचा दिसला, तर एका कामाला दोघं कशाला म्हणून इचारू नका. स्टुलावर बसा, चहा घ्या, आणि जरा दुसरीकडं बघा.