मी जाळत नाही, लिहितो

मित्रांनो, मी एक जुना डीव्हीडी रायटर आहे. रायटर म्हटल्यावर मला कविता वाचून दाखवू नका. मी चपट्या डब्याएवढा आहे, कॉम्प्युटरमधले व्हिडिओ चकतीवर उतरवतो. ज्या लॅपटॉपच्या पोटात ही सोय नसते, त्याला माझी वायर जोडावी लागते.

वर्तकनगरच्या रत्नदीपने मला हौसेने आणले. सोसायटीतली बारशी, शाळेची गॅदरिंगं, सगळी माझ्या हातून गेली. 'काय मशीन आहे,' असे शेजारी म्हणत, तेव्हा माझा हिरवा दिवा जरा जास्तच चमके. पुढे सगळे मोबाईलवर पाहू लागले आणि माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या फळीवर झाली. रत्नदीपची आई मंजुळाबाई माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवू लागल्या. तेलाचा तो गोल डाग अजून माझ्या पाठीवर आहे. खोटे कशाला बोलू, फार वाईट वाटायचे.

यंदा रत्नदीपच्या बहिणीचे, स्वप्नाचे लग्न झाले आणि माझे नशीब उघडले. मंजुळाबाईंचे थोरले भाऊ, खडवलीचे दगडूमामा, पाय मोडल्यामुळे लग्नाला येऊ शकले नव्हते. "माझ्यावाचून तुमचं काय अडलं?" म्हणून ते रुसून बसले. खरे तर साखरपुड्याला ते आपली टोपी विसरून गेले होते. मंजुळाबाईंनी लग्नात ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवली आणि तिथे कोणालाही बसू दिले नाही. पण सांगून मामांना पटेना. स्वप्नाने मोबाईलवर दाखवले, तर त्या मुंगीएवढ्या माणसांत त्यांना टोपी दिसेना. "लॅपटॉप नको, मोबाईल नको. माझ्या टीव्हीवर दाखवा, मग बघू," एवढे बोलून त्यांनी फोन घेणेच बंद केले. त्यांच्या टीव्हीला जोडलेला होता जुना डिस्क प्लेअर. पेन ड्राइव्हला त्यात जागाच नव्हती.

मग रत्नदीपने मला पुसले, वायर लावली. नुसती फाइल टाकून भागत नाही, जुन्या प्लेअरला कळेल अशी करून लिहावी लागते. तेवढे त्याला ठाऊक होते. घरात कोऱ्या चकत्या दोनच उरल्या होत्या.

"काय करतोयस रे?" मंजुळाबाईंनी विचारले.

"बर्न करतोय, आई."

"मराठीत सांग की जरा."

"लग्न जाळतोय," असे म्हणून तो हसत आंघोळीला गेला.

मंजुळाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. काम करताना मी तापतोच. त्यांचा हात चटकन मागे आला आणि पुढच्याच क्षणी त्यांनी माझी वायर उपटली. साठ टक्क्यांवर माझा श्वास अडकला आणि चकती फुकट गेली.

"आई, हे काय केलंस?" रत्नदीप ओल्या केसांनी धावत आला.

"वाचवलं ना मी. पोरीचं लग्न जळत होतं."

रत्नदीप कपाळाला हात लावून बसला. मग कोऱ्या चकतीसाठी दोन-तीन दुकाने फिरून आला. "अरे दादा, कोण ठेवतं आता ती?" असे उत्तर सगळीकडे मिळाले. उरली एकच चकती. ती बिघडली, की मामांचा रुसवा जन्माचा.

या वेळी मंजुळाबाई स्वतः माझ्या राखणीला बसल्या. मिक्सर बंद, दारावरच्या बेलकडे दुर्लक्ष, आणि रत्नदीपला शिंकायचीही बंदी. सत्त्याण्णव टक्क्यांना मला उचकी लागली. इतकी वर्षे लोणच्याखाली काढलेला मी, पण त्या दिवशी जिवाच्या आकांताने फिरलो. चकती पूर्ण झाली.

वेळ पडली तर असावा म्हणून मलाही पिशवीत घालून खडवलीला नेले. टीव्हीवर लग्नातली बुद्धवंदना झाली, हार झाले आणि मग पहिली रांग दिसली. मामा पुढे सरकले.

"मंजे, ती टोपी माझीच ना?"

"तुझीच, दादा. कोणाला बसू दिलं नाही तिथं."

मामांनी चित्र तिथेच थांबवायला लावले. मग डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे मी आलेलो."

ती चकती मामांनी आजवर एकवीस वेळा लावली आहे. येईल त्याला आपली खुर्ची दाखवतात. इतक्या वापराने कधीतरी चरा पडणारच. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. जुन्या वस्तूंवर बरण्या ठेवू नका, आणि तुमच्या घरी एखादी कोरी चकती पडून असेल, तर वर्तकनगरला आणून द्या. मी तयार आहे. फक्त वायरपाशी कोणालातरी बसवा.