पहिल्या धारेची पारख

चैत्राच्या कोवळ्या उन्हात गोव्यातल्या सत्तरीची डोंगरउतरण पेटली होती. पिवळी बोंडे, तांबडी बोंडे. पानापानांआड लोंबणारे मधुगर्भ दिवे. वाऱ्याच्या झुळकेसरशी गळणारे, तापल्या मातीवर अलगद विसावणारे.

काजूंच्या त्या बागेत, ओहोळाच्या काठी, पुंडलिक गांवसाची भाटी होती. तीन पिढ्यांच्या धुराने काळवंडलेली, तीन पिढ्यांच्या सुगंधाने भिनलेली. बोंडांचा आंबलेला रस तांब्याच्या भांड्यात उकळे, त्याची वाफ गार पाण्यातून निवत निवत फेणी होऊन उतरे. विस्तव केव्हा ओढायचा, धार केव्हा तोडायची, हे पुंडलिकाचे नाक सांगे. पंचक्रोशी त्या नाकाला मानी.

माघातल्या तापाने तेच नाक नेले. फुले मुकी झाली, भात मुका झाला. हे दुःख त्याने कुणाला सांगितले नाही. बायकोला, सत्यवतीलाही नाही.

आज हंगामाची पहिली धार. मूर्तीपुढे आंधळ्याने बसावे तसा तो भाटीपुढे बसला होता. धार झरत होती. स्फटिकशुभ्र, निःशब्द, निर्गंध.

एकाएकी सत्यवती गोठ्यातून धावत आली. जळती लाकडे तिने भराभर बाहेर ओढली.

"अहो, रस तळाला लागतोय! वास नाही आला तुम्हाला?"

पुंडलिकाची मान खाली गेली. "दोन महिने झाले, सत्ये. कसलाच येत नाही."

मग करपलेली फेणी मातीत ओतून तिने भांडे घासले, नवा रस भरला, मंद विस्तव घातला आणि धारेशी बैठक मारली.

"तुला काय कळणार? तू कधी थेंब चाखला नाहीस."

"चाळीस वर्षं तुमचे सदरे धुतेय मी," ती म्हणाली. "धार कुठल्या दिवशी साधली, ते मला सदऱ्यावरनंच कळतं."

दुपार कलली. "तोडा," ती म्हणाली, आणि त्याने धार तोडली. आयुष्यात पहिल्यांदा, दुसऱ्याच्या शब्दावर.

शेजारच्या जुवांवने घोट घेतला, डोळे मिटले. "पुंडलिका, तुझ्या बापाच्या हातची आठवली रे!"

"हिला सांग," पुंडलिक म्हणाला. "ही हिची आहे."

सत्यवतीने दुसऱ्या धारेवर मान झुकवली. मिटलेल्या पापण्या, किंचित थरथरलेली नाकपुडी, ओठांच्या कडेला हळूहळू उमलत गेलेले समाधान. पुंडलिक बघत राहिला, बघतच राहिला. आणि दोन महिन्यांनी, त्या घामेजल्या मुखावर, त्याला सुगंध दिसला.