महामोटेचा मधला खांब

लोकसभेसाठी पाच पक्षांची महामोट बांधली गेली, तेव्हाची ही गोष्ट. बोनकोड्याच्या मैदानावर पहिली सभा ठरली आणि जागांसारखे स्टेजचे खांबही वाटून घेतले. कोपऱ्यांचे चार खांब चार पक्षांनी आणले, पाचव्याने शिडी आणली. मधल्या खांबावर मुख्य खुर्ची यायची, म्हणून तो पाचही जणांनी मागितला. शेवटी दिल्लीहून निरोप आला, की मधल्या खांबावर मैत्रीपूर्ण लढत होऊ द्या. म्हणजे तो कुणीच आणला नाही.

सभेच्या सकाळी फळ्या मधोमध झोळीसारख्या लोंबल्या. महामोटेचा समन्वयक विलास गाडी काढून थेट वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेला आणि हौसेरावाला घेऊन आला.

हौसेराव साताऱ्याकडचा माथाडी. एकदा ट्रक पंक्चर झाला तर मालासकट पाठीवर घेऊन तो तळवलीपर्यंत चालत आला होता, ड्रायव्हर आत झोपलेलाच. पण त्याच्या टोळीचा एक रिवाज होता. पाठीवर ज्यानं ओझं ठेवलं, त्यानंच ‘सोड’ म्हणायचं. त्याआधी टाकलं, तर त्या माणसाच्या पाठीला पुन्हा कुणी हात देत नसे.

“साहेब, आज सांजच्याला पोरीचं लगीन हाय, करंजाड्याला,” हौसेराव म्हणाला.

“पाच मिनिटं रे. सभा संपली की मी स्वतः गाडीनं सोडतो. टेन्शन कशाला घेतो?”

हौसेराव स्टेजखाली वाकला. स्टेज पाठीवर टेकवायची वेळ आली तसे फोटोवाले पुढे सरसावले, आणि फोटो म्हटल्यावर पाचही नेत्यांनी फळीला हात लावला. मग ते वर गेले. प्रत्येकाला आपली खुर्ची शेजाऱ्यापेक्षा बोटभर उंच हवी होती. विटा लागत गेल्या, खुर्च्या चढत गेल्या. दुपारपर्यंत वरच्यांना खाडीपलीकडे मुंबईत कुणाच्या गॅलरीत कुठली साडी वाळतेय ते दिसायला लागलं.

सभा संपली. खालून हौसेराव म्हणाला, “सोड म्हणा आता.”

वरून अडकित्ता निशाणीवाले म्हणाले, “आम्ही म्हणू. पण आधी मुसळवाल्यांनी म्हणावं.”

“आम्ही का? उद्या चॅनलवर येईल, महामोटेतून पहिला हात मुसळानं काढला.”

“मग एकमतानं म्हणा,” विलास म्हणाला, आणि त्यावर त्यांनी समिती नेमली.

संध्याकाळी हौसेरावाची बायको मुक्ताबाई लग्नातल्या शालूतच स्टेजखाली शिरली. “आवं, टाका की ते. नवरदेव मांडवात आलाय.”

“सोड म्हटलं न्हाई कुनी.”

“मी म्हनते, सोडा.”

“तू ठेवलंस व्हय?”

“त्यांच्यापरीस बटाटा बरा. निदान नासला की वास तरी येतो,” ती वर बघून म्हणाली. वरून कुणीतरी टाळी वाजवली. त्याला ती घोषणा वाटली.

वडिलांशिवाय अक्षता नकोत म्हणून नवरी तेजश्री हटून बसली. मग वऱ्हाडच टेम्पोत बसून बोनकोड्याला आलं. महामोटेला फुकटात गर्दी मिळाली. भटजींच्या आधी पाचही नेत्यांनी आपापली मंगलाष्टकं म्हटली, प्रत्येकाची दुसऱ्याहून एक कडवं जास्त. वरून टाकलेल्या अक्षता फळ्यांच्या फटींतून हौसेरावाच्या मानेवर पडत राहिल्या.

तेजश्री नवऱ्याला घेऊन पाया पडायला खाली आली. “आबा, वर बघा की जरा.”

हौसेरावाची मान वर होईना. त्याला मेंदी लावलेली दोन पावलं दिसली, आणि बोटांत नवी जोडवी.

“छान हाइत,” तो म्हणाला. पोरीचं लग्न त्यानं तेवढंच पाहिलं.

प्रचारभर स्टेज खाली उतरलंच नाही. बाकी सभांना स्टेज हलवायचं म्हणजे हौसेरावानं चालायचं. कोपरखैरण्यापासून पनवेलपर्यंत आणि परत बोनकोड्यापर्यंत महामोट त्याच्या पाठीवरून फिरली आणि पेपरात छापून आलं, की आघाडी भक्कम आहे.

निकाल लागला. महामोट सपाटून आपटली. त्याच संध्याकाळी पाचही नेते एकेक करून शिडी उतरले आणि पाच ठिकाणी पाच पत्रकार परिषदा झाल्या. प्रत्येकानं सांगितलं, की आमचा हात त्यात कधीच नव्हता. फोटोसुद्धा भिंतींवरून उतरले. मांडववाला फळ्या घेऊन गेला.

हौसेराव मोकळ्या मैदानात तसाच वाकलेला.

मुक्ताबाई पाचही कार्यालयांत जाऊन आली. चाळणीवाल्यांच्या पोरानं तिला चहा पाजला आणि सांगितलं, “मावशी, आम्ही ठेवलंच नाही, तर सोड कसं म्हणणार? कायदेशीर अडचण होते.”

ती रोज डबा घेऊन यायची, घास करून त्याच्या तोंडात घालायची. “पाठीवर काय बी न्हाई तुमच्या,” ती सांगायची.

“हाय. उतरल्यालं मला कळलं असतं.”

पुढच्या निवडणुकीला नवी मोट बांधली गेली. पक्ष तेच, नाव वेगळं, समन्वयक विलासच. मैदान बघायला आला आणि खूश झाला. “वा, हौसेराव. जागेवरच आहात.”

हौसेरावानं बूट ओळखले. “साहेब, आधी मागचं सोड म्हणा. मग नवं ठेवा.”

“म्हणू की,” विलास म्हणाला. “सगळे येऊ देत. एकट्यानं म्हटलेलं बरं दिसत नाही.”

आणि त्यानं मांडववाल्याला हात केला. फळ्या आल्या.