शिवेपारचा रेडा

गोटीरामने काठी दोन्ही हातांनी उचलून रेड्याच्या पाठीत घातली. रेडा लाळ गाळत चार पावलं सरकला आणि पुन्हा थबकला. मागून ढोल, ताशे, शिव्या. बुळकांडीच्या रोगाने बारा दिवसांत गावातल्या एकोणीस म्हशी नेल्या होत्या. जमिनी नव्या शहरासाठी सरकारने घेतलेल्या. तुर्भ्याच्या कारखान्यांत दूध घालून गाव कसंबसं तगलं होतं. तेव्हा रोगट रेडा शेजारच्या गावाच्या हद्दीत हाकलायचा, म्हणजे देवीचा कोपही त्याच्याबरोबर पार! देवीला रस्ता दाखवायलासुद्धा माणसं लागतात.

रेडा गोटीरामचा, आणि शिवेपलीकडे त्याची लेक पुतळा नांदत होती. सकाळी त्याने गावापुढे हात जोडून पाहिले होते.

“तुजी पोर तिकडं, आमची पोरं इकडं,” म्होरक्या तुळशीराम म्हणाला होता. “हाकायचा बी तूच. नायतर तुजी उरलेली म्हस पन हाकू.”

गोटीरामने म्हशीकडे पाहिलं. स्वतःची लाज वाटली, पण काठी त्यानेच उचलली.

शिवेवरच्या नाल्यापलीकडे त्या गावचे लोक कोयते, वल्ही घेऊन उभे होते. सगळ्यांपुढे जावई दादू.

“मामा, जनावर मागं न्या. माज्या गोठ्यान दोन म्हशी हायेत. त्यांच्यावरच घर चाललंय.”

“बाजूला हो, दादू.”

“नाय होनार.”

दादूने नाल्यात उतरून रेड्याची शिंगं धरली. मागून गाव रेटत आलं. गोटीरामची काठी पुन्हा उठली. कोणासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ती दादूच्या कपाळावर बसली. दादू चिखलात कोसळला, दगड सुटले, कोणाचे दात पडले, कोणाचं डोकं फुटलं. त्या धुमश्चक्रीत रेडा नाला ओलांडून गेला.

गाव आनंदाने ओरडलं आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवून चालू लागलं. मागे पाहील त्याच्या घरी रोग परततो म्हणतात. गोटीरामने पाहिलं.

पलीकडून पुतळा धावत आली होती. लग्नाआधी तिनेच हा रेडा पेज पाजून जगवला होता. तिला ओळखून तो थांबला, मान पुढे केली. तिने डाव्या हाताने त्याचं कपाळ कुरवाळलं आणि उजव्या हातातला कोयता त्याच्या गळ्यावर घातला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. रेडा गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला.

रक्ताने माखलेली पुतळा नवऱ्यापाशी बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग बापाकडे पाहिलं.

“जा आबा,” ती म्हणाली. “धारेची येळ झाली. म्हस वाट बगत असंल.”